स्वतःच्या गाडीतली पिवळी तार

काझिमीर प्लेफ्का रागीट होता, ही हॅमट्रॅमिकच्या पोलिश वस्तीत काही बातमी नव्हे. गल्लीतली कुत्रीसुद्धा त्याच्या दारावरून जाताना चाल बदलायची. बर्फ लोटायचं फावडं कुणी भलत्या भिंतीला टेकवलं, पाद्र्यानं प्रवचन लांबवलं, आंबवलेल्या कोबीत शहाजिरं जास्त पडलं, की काझचे आधी कान लाल व्हायचे, मग मान, आणि मग तोंडाचा पट्टा सुटायचा. लोक म्हणायचे, "भट्टी पेटली. या, हात शेकून घ्या." हे 'भट्टी' नाव त्याला बापाकडनं आलं होतं. बाप बोलेस्लाव गाड्यांच्या कारखान्यात ओतकामाच्या भट्टीवर जन्मभर राबला आणि त्याच भट्टीची धूळ छातीत घेऊन मेला.

पण काझचा हा सगळा राग चिल्लर होता. खिशात खुळखुळायचा, त्यानं विकत काही येत नसे. खरा राग धरायची वेळ आली तेव्हा हा माणूस मिठाची गुळणी धरून बसला, आणि भोगलं दुसऱ्यानं.

बापानं पोराला भट्टीच्या आसपास फिरकू दिलं नव्हतं. काझ शिकला, इंजिनिअर झाला आणि त्याच कंपनीत लागला; फक्त रस्त्याच्या पलीकडच्या इमारतीत, जिथं गळ्यात टाय असतो आणि नखं स्वच्छ असतात. नवा म्हणून त्याला एअरबॅगच्या खोलीत टाकला. त्या काळात कंपनीत एअरबॅग म्हणजे टिंगलीचा विषय. त्या खोलीतल्या टाळक्यांना सगळे 'फुगेवाले' म्हणत. सरकार मागं लागलं होतं म्हणून साहेबांनी ती खोली ठेवली होती, सावत्र पोराला ओसरीवर ठेवावं तशी.

काझला मात्र ते काम पहिल्याच आठवड्यात लागलं. लहानपणी शेजारचा माणूस स्टिअरिंगच्या दांड्यावर छाती फुटून मेलेला त्यानं पाहिला होता. इथं त्यानं काय पाहिलं? माणसाच्या मापाचा पुतळा बसवून गाडी भिंतीवर घातली, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत स्टिअरिंगच्या चाकाच्या पोटातून पांढरी पिशवी निघाली, तिनं पुतळ्याची छाती झेलली आणि मग गरीब गाईसारखी मऊ पडली. काझ घरी येऊन बायकोला म्हणाला, "हालिना, दांड्याला उत्तर घावलं."

"मग आता तरी ओरडायचं थांबशील?" हालिना म्हणाली.

थांबतोय कुठला. थोड्याच दिवसांत सरकार फिरलं, एअरबॅगच्या सक्तीचा नियम बारगळला, खोलीला कुलूप लागलं. काझला राखदाणीच्या विभागात बसवलं. गाडीतली राखदाणी किती खोल असावी, तिचं झाकण किती जोरानं मिटावं, यात त्याच्या उमेदीची कैक वर्षं गेली. "माणूस वाचवायचा सोडला आणि त्याची विडी कुठं विझवायची ते काढत बसलोय," असं तो जेवताना म्हणायचा आणि चमचा आदळायचा. हालिनाच्या घरात सरळ चमचा म्हणून राहिला नव्हता.

मग वारं परत फिरलं. नियम आला, तो पक्का आला. काझला राखेतनं उकरून काढलं. काल ज्यांनी फुगेवाले म्हणून टाळ्या पिटल्या तेच आता दारात उभे राहून विचारू लागले, "झालं का? कधी होणार?" काझ खुशीत होता. ती खुशी त्याला नडली.

कारण नियमात एक गोम होती. नियम म्हणायचा, गाडीत मध्यम बांध्याचा गडी बसवा, बेल्ट न लावता बसवा, सीट मध्यावर ठेवा, गाडी भिंतीवर घाला, आणि तो वाचला पाहिजे. आता बेल्ट न लावलेला गडी त्या वेगानं पुढं आला तर त्याला झेलायला पिशवी कशी लागते? मोठी लागते आणि बंदुकीच्या गोळीसारखी बाहेर यावी लागते. पूर्ण उघडली की ती उशी. पण ती उघडायच्या आधीच कुणाची छाती किंवा हनुवटी तिच्या तोंडाशी असली, तर ती उशी नव्हे, मूठ. आणि चाकाच्या तोंडाशी कोण बसतं? ज्याचे पाय पुरत नाहीत तो. म्हणजे बहुत करून बाई. म्हणजे बेल्ट न लावणाऱ्या बेफिकीर गड्याला वाचवायचं, आणि त्यापायी बेल्ट लावून गुमान गाडी चालवणाऱ्या बुटक्या बाईच्या तोंडात गुद्दा घालायचा. असा तो न्याय. टाय लावलेल्या माणसांनी बसून केलेला.

हे काझला पुस्तकातून कळलं नाही. हालिना पाच फुटाला चांगलीच कमी. ती बेकरीत कणीक मळायची, मनगटं तिची गड्यासारखी, पण पाय बाहुलीचे. गाडीत ढुंगणाखाली उशी घ्यायची, सीट पार पुढं ओढायची आणि चाकाला छाती लावून बसायची, जणू चाक कुणी पळवून नेणार आहे. एका रविवारी चर्चला जाताना काझ शेजारी बसला होता. त्याची नजर तिच्या छातीवर गेली आणि तिथंच राहिली.

"काय बघतोस रं? चर्चला चाललोय," ती म्हणाली.

"सीट जरा मागं घे की."

"घेते. आणि पाय? ते काय तुझ्या कंपनीकडनं जोडून आणू?"

"वीतभरसुद्धा जागा न्हाई मधी."

"माझी लग्नापासनं हीच बसायची तऱ्हा हाय. आजच का डोळं उघडलं तुझं?"

प्रार्थनेत त्याचं लक्ष लागलं नाही. त्याला समोर गोणपाटाखालचा बाईचा पुतळा दिसत होता. होता ना कंपनीकडं! बुटक्या बाईच्या मापाचा, चांगला तयार पुतळा, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेला. नियमात तिचं नाव नव्हतं म्हणून तिला कुणी उठवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो ड्वाइट ऑल्सपच्या खोलीत शिरला. ऑल्सप म्हणजे त्याचा साहेब. गोल्फ खेळून रापलेला, आवाज कधी न चढवणारा. कुणी काहीही बोललं तरी आधी "तुझं बरोबर आहे" म्हणायचा आणि मग स्वतःला हवं तेच करायचा. अशा माणसाशी भांडणं म्हणजे लोण्यावर कुऱ्हाड घालणं.

काझ म्हणाला, "साहेब, बाईचा पुतळा बसवू. सीट पुढं घेऊ. एकदाच उडवून बघू."

"तुझं बरोबर आहे, काझ. पण नियमात नाही ते."

"नियमात नसंल. गाडीत असणार हाय."

"आणि पुतळ्याची मान मोडली तर?"

"तर कळंल!"

"तेच सांगतोय मी. कळेल. एकदा कळलं की आपल्याला माहीत होतं, असं होतं. उद्या कोर्टात वकील हेच विचारणार, माहीत होतं का? आज आपल्याला माहीत नाही. आज आपण निरपराध आहोत, काझ. हे सुख आहे, त्यात बोट घालू नकोस."

काझचे कान पेटले. त्यानं टेबलावर मूठ आपटली, ऑल्सपच्या आईबापाचा उद्धार पोलिश भाषेत केला, बाहेरची माणसं दारापाशी जमली. पण ती हसत होती. काझ कॉफी पातळ झाली तरी असाच ओरडायचा. ज्याचं कुत्रं रोज भुंकतं त्याच्या घरी चोर निवांत शिरतो. ऑल्सपनं त्याला ओरडू दिलं, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हळूच म्हणाला, "राखदाणीकडची जागा रिकामीच आहे अजून. आता तिथं पेला ठेवायची खाचही करायची आहे म्हणे."

बस्स. काझनं मंजुरीवर सही केली. भूक लागली होती, खाली जाऊन जेवला.

नवी गाडी बाजारात आली. आणि आमच्याकडची रीत अशी की ज्या कंपनीचं मीठ खायचं तिचीच गाडी दारात लावायची. आपण कंपनीचं मीठ खायचं आणि बर्फ वितळायला रस्त्यावर टाकलेल्या मिठानं गाडीचा पत्रा खायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. दुसऱ्या कंपनीची गाडी आणली तर बापाच्या थडग्यावर थुंकल्यासारखं बघतात लोक. त्यातून नोकरमाणसाच्या नात्यातल्याला, ओळखीतल्याला सवलत. काझ तोंडानं शिव्या देई पण हातानं मोकळा. त्यानं आपल्या शब्दावर अर्ध्या गल्लीला ती नवी गाडी मिळवून दिली. हालिनाबरोबर बेकरीत असणाऱ्या थेरेसाला दिली. ती तर हालिनापरास बुटकी. आणि एक निळी गाडी हालिनाला.

त्या निळ्या गाडीला घरी येऊन दोन दिवस झाले नसतील. हालिना चर्चच्या हॉलमध्ये बटाट्याचं सारण भरलेले पियेरोगी करायला गेली होती. काझनं गॅरेजचं दार ओढून घेतलं, बॅटरी सोडवली, बाकीची वीज मरू दिली, आणि चाकाखालचं झाकण काढून एअरबॅगच्या पिवळ्या तारेचा जोड ओढून वेगळा केला. टक् असा बारका आवाज आला. जगात ज्यानं ती पिशवी केली त्यानंच ती आपल्या बायकोच्या गाडीतनं मुकी केली.

बॅटरी परत लावली तसा समोर लाल दिवा पेटला. हा दिवा काझनंच भांडून बसवला होता. पिशवीत बिघाड असला तर गाडीनं तो चालवणाऱ्याला सांगितलाच पाहिजे, दिवा खोटं बोलता कामा नये, यावर त्यानं एकेकाळी सगळी इमारत डोक्यावर घेतली होती. आता त्याला गप्प करायला, पिशवी जोडलेलीच आहे असं भासवणारा एक बारका रेझिस्टर पुरला असता, खिशातच होता. काझनं तो बाहेर काढला, बघितला, परत खिशात टाकला. दिव्याला खोटं बोलायला लावणं त्याच्यानं झालं नाही.

"हे लाल काय पेटलंय?" हालिनानं विचारलं.

"बारका भाग यायचाय. चालव तशीच," काझ म्हणाला.

"एअरबॅगवाल्याच्या बायकोच्या गाडीत एअरबॅगचाच दिवा! बेकरीवालीच्या घरी शिळा पाव म्हणायचं."

भर हिवाळ्यात ऑल्सप काही माणसांना घेऊन अॅरिझोनाच्या वाळवंटात गेला. तिथं कंपनीचा गाड्या पारखायचा रस्ता होता. काझही गेला. आणि त्याच्या पाठीमागं घरी झेनोन आला.

झेनोन हालिनाचा थोरला भाऊ. कारखान्यात जोडणीच्या साखळीवर पाठ मोडून घरी बसलेला, पण हात स्वस्थ नाहीत. आता आमच्याकडं मेव्हण्याची गाडी बिघडलेली दिसली तर त्याला कुणी विचारत बसत नाही. विचारणं म्हणजे परकेपणा. सरळ दार उघडायचं, डोकं आत घालायचं, दुरुस्त करायचं. मग गॅरेजमधल्या फ्रीजमधली एक बिअर प्यायची आणि रिकामी बाटली फळीवर उभी ठेवायची. तीच पावती. घरधनी आला, बाटली बघितली की समजतो, कुणीतरी आपलं माणूस येऊन गेलं. झेनोननं लाल दिवा बघितला. झाकण काढलं. पिवळा जोड सुटलेला दिसला. हसला असेल, एवढा मोठा इंजिनिअर म्हणून. टक् करून लावला. बिअर प्यायला.

संध्याकाळी काझनं ऑल्सपच्या टेबलावरून घरी फोन लावला. ऑल्सप समोरच बसून बूट पुसत होता.

"एक बरं झालं बघ," हालिना म्हणाली. "त्यो दिवा गेला."

"कंचा दिवा?"

"लाल. झेनोन म्हणाला, अगं, जोड निसटलाय नुसता. तुझ्या बारक्या भागाची वाट बघत बसले असते तर म्हातारी झाले असते."

त्या दिवशी काझचे कान लाल झाले नाहीत. पांढरे पडले.

"हालिना, आज गाडी नेऊ नगंस."

"मग काय उडत जाऊ? उद्या पोंचकीचा मंगळवार हाय. रातभर तळायचंय, दारात रांग लागंल."

"झेनोनला सोडायला सांग."

"त्याची पाठ धरलीया, खाली वाकला व्हता ना तुझ्या गाडीत. का पण? काय झालंय?"

ऑल्सपनं बुटावरून मान वर केली. "घरी सगळं ठीक?" त्यानं सहज विचारलं.

एक वाक्य होतं. हालिना, पिवळा जोड मी काढला होता, ती पिशवी तुला मारील. एवढंच. पण ते ऑल्सपसमोर बोललं की संपलं. एअरबॅगवाल्यानं स्वतःच्या बायकोच्या गाडीतली एअरबॅग काढली, हे इमारतभर झालं असतं, आणि मग राखदाणी, नाहीतर तेही नाही. जन्मभर पाद्र्यावर, फावड्यावर, कोबीवर ओरडणारा हा गडी तिथं म्हणाला, "काही न्हाई. बर्फ हाय. सीट मागं घेऊन सावकाश जा."

"परत सीट!" हालिना म्हणाली आणि फोन ठेवला.

जेवण उरकून त्यानं मोटेलातून परत लावला. घंटी वाजत राहिली. मोठा उपास लागायच्या आधी सगळं गाव जाम भरून तळलेली पोंचकी खाऊन घेतं, आणि त्याच्या आदल्या दिवशी बेकरीतल्या बायका घरी नसतात, हे हॅमट्रॅमिकमध्ये वाढलेल्या माणसाला समजायला हवं होतं. बेकरीत लावला तर कुणीतरी "आता ऑर्डर घेत न्हाई" म्हणून आदळला. झेनोनला लावला असता तर कारण सांगावं लागलं असतं. नाही लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटची पोंचकी खपली. हालिना केसांत साखर, अंगाला तेलाचा वास घेऊन बाहेर आली, बेल्ट लावला, काझ ओरडतो म्हणून ती तो न चुकता लावायची, आणि बेकरीमागच्या बोळातून निघाली. वळणावर बर्फाची काच झाली होती. गाडी घसरली आणि विजेच्या खांबावर गेली. पोरं सायकल दामटतात त्या वेगानं, जास्त नाही. समोरचा पत्रा चेपला, खांबाला ओरखडा उठला. एवढ्या धडकेत माणूस शिवी देऊन खाली उतरतो. पण चाक फिरवताना तिचा डावा हात चाकावरून आडवा होता. पिशवीनं तो हात मोडला आणि तोच हात तिच्या तोंडावर मारला. जबडा दोन ठिकाणी फुटला, पुढचे दात गेले. डॉक्टर म्हणाला, मान बाजूला वळलेली होती म्हणून बाई वाचली. समोर बघत असती तर नसती.

काझ विमानानं आला. हालिनाचे दात तारेनं एकमेकांना बांधलेले, हात प्लास्टरात. खाटेपाशी झेनोन उभा होता. त्यानं काझला बघितलं आणि हा दांडगा गडी रडायलाच लागला.

"दाजी, म्याच लावला रं त्यो जोड. काहीतरी उलटंसुलटं लावलं असंल म्या. मला काय कळतंय त्यातलं!"

काझनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आणि बोलला काय? काही नाही. त्या दिवशी काही नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. झेनोन घरी जाऊन जेवला नाही, बिअरला शिवला नाही. काझनं ते बघितलं आणि गिळलं. माणूस किती हलका होऊ शकतो याला काही तळ असतो का, देव जाणे.

फोड हालिनानंच केली. पडून पडून तिला दुसरं काम नव्हतं, विचार करत होती. बांधलेल्या दातांतून ती सापासारखी फुसफुसत बोलायची.

"झेनोननं नीट लावला व्हता जोड?"

"नीट."

"मग निसटला कसा?"

काझ तिच्या पायावरचं पांघरूण सारखं करू लागला.

"त्यो निसटत न्हाई," हालिना म्हणाली. "तूच म्हणायचास, ओढल्याबिगर सुटत न्हाई, असा केलाय म्हणून. कुणी ओढला?"

"म्या."

मग त्यानं सगळं सांगितलं. बाईचा पुतळा, ऑल्सप, सही, दिवा, फोन. झेनोन कॉफीचे पेले घेऊन दारात कधी येऊन उभा राहिला ते कुणाला कळलं नाही. त्यानं पेले खाली ठेवले, सांडू दिले नाहीत, आणि मग काझच्या तोंडावर अशी ठेवून दिली की नर्स धावत आली. काझनं हात वर केला नाही.

"थांब झेनोन," हालिना म्हणाली. "माझं झालं न्हाई अजून." ती काझकडं वळली. "थेरेसाच्या गाडीचा जोड काढलास?"

"न्हाई."

"तुझ्या सवलतीत घेतली तिनं. तुला केक करून दिला तिनं. पाद्र्याच्या बहिणीच्या गाडीचा?"

"न्हाई."

"फकस्त माझा."

"फकस्त तुझा."

"आणि म्या खूश व्हावं? नवरा किती जपतोय म्हणून?" तिच्या तोंडातून रक्ताची लाळ आली, ती तिनं चादरीला पुसली. "दिव्याला खोटं बोलू दिलं न्हाईस. माझ्याशी बोललास. दिव्याला नवरा केला असता तर बरं झालं असतं. जा आता. माझ्यापुढं तोंड घेऊन बसू नगंस. ज्यांच्यापुढं न्यायचं हाय त्यांच्यापुढं ने."

पुढच्या वर्षीच्या गाडीची बैठक होती. तीच पिशवी, तीच मूठ, फक्त आणखी गाड्यांत घालायची. लांब टेबल, ऑल्सप, त्याच्यावरचे दोघे, कोपऱ्यात कंपनीचा वकील. काझचा ओठ सुजलेला. सगळे सावरून बसले, भट्टी पेटणार म्हणून. कुणीतरी हळूच घड्याळाकडंही बघितलं.

भट्टी पेटली नाही. काझ उभा राहिला आणि म्हणाला, "पहिली गाडी विकायच्या आधी मी या पिशवीला सही दिली, आणि गाडी दारात आल्यावर माझ्या बायकोच्या गाडीतून ती तोडली."

ऑल्सप म्हणाला, "काझ, तुझं बरोबर आहे, आपण नंतर..."

"म्हणजे मला माहीत होतं," काझ म्हणाला. "माझ्या मेव्हण्याला माहीत नव्हतं, त्यानं ती परत जोडली. बायको दवाखान्यात आहे. खांबाला ओरखडा आलाय. साहेब, तुम्ही म्हणाला होता, माहीत नाही तोवर आपण निरपराध. आता तुम्हाला माहीत आहे. तुम्हालाही. वकीलसाहेब, तुम्हालाही. या खोलीत आता निरपराध कुणी नाही. बाईचा पुतळा खाली कोपऱ्यात आहे. गोणपाट काढायला मी येऊ का तुम्ही काढता?"

कुणी हसलं नाही. वकिलानं पेनाचं टोपण लावलं आणि ऑल्सपकडं असं बघितलं, जसं माणूस पायाखालच्या घाणीकडं बघतो.

बाहेर गाड्या लावायच्या आवारात झेनोनचा जुना ट्रक उभा होता. आत हालिना, हात गळ्यात बांधलेला. झेनोननं काझकडं बघितलं नाही.

"बोललास?" तिनं विचारलं.

"बोललो."

"सगळं? सहीचंबी?"

"सगळं."

"ओरडलास?"

"न्हाई."

"बरं केलंस. ओरडला असतास तर नेहमीचंच वाटलं असतं. चल आता. थेरेसा घरी असंल."

गल्लीतलं काम कंपनीपेक्षा अवघड गेलं. हालिनाची अट होती की रीतीप्रमाणं गुपचूप हात घालायचा नाही. दार वाजवायचं, कारण सांगायचं, आणि बाई हो म्हणाली तरच जोड काढायचा. थेरेसानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे सवलतीत मरण दिलंस व्हय रं मला? केक परत कर माझा." तिनं जोड काढून घेतला आणि त्याच्या तोंडावर दार लावलं. पाद्र्याच्या बहिणीनं त्याला उंबऱ्यात उभं करून असं झापलं की शेजारपाजारचे पडदे हलले. एकीचा नवरा फावडं घेऊन धावला. काझनं सगळं ऐकून घेतलं. झेनोन शेजारी टॉर्च धरून उभा राहायचा. त्या रविवारी चर्चच्या आवारात प्रार्थना सुटली, गाड्या सुरू झाल्या, आणि बुटक्या बायकांच्या काचांमागं एकेक लाल दिवा लागला. त्यातला एकही खोटं बोलत नव्हता.

बाईच्या पुतळ्याला उठवलं. सीट पुढं घेतली, पिशवी उडवली. मान अशी मागं गेली की प्रयोगशाळेतल्या एकानं टोपी काढली, मयतापुढं काढतात तशी. पण लगेच काय झालं म्हणाल, तर काही नाही. कंपनीनं आधी स्वतःची कोर्टातली बाजू बांधून घेतली. नियम वळायला, पिशवी मवाळ व्हायला आणखी वर्षं गेली, आणि त्या वर्षांत ज्यांच्या गाडीतला जोड काढायला कुणी दारात आलं नाही अशा बायका गेल्या, मांडीवरची पोरं गेली. त्याचा हिशेब कोण देणार? ऑल्सप बढती घेऊन फ्लोरिडाला गेला. काझला पेला ठेवायच्या खाचेवर बसवलं. कॉफीचा पेला वळणावर सांडू नये, यावर त्यानं निवृत्तीपर्यंत काम केलं आणि ते चोख केलं.

हालिनाचा हात जुळला, पण मळायचं बळ गेलं. बेकरीत ती गल्ल्यावर बसू लागली. नव्या दातांनी बोलताना जीभ अडखळायची, तरी काझला सोडलं नाही तिनं, आणि माफही केलं नाही. दोन्ही एकाच घरात चालतं.

झेनोन येत राहिला. पाठ वाकडी करून हालिनाच्या गाडीचं तेल बदलायचा, चाकं बघायचा, गंज खरवडायचा. काझ फ्रीजमध्ये बिअर भरून ठेवायचा, झेनोनला आवडायची तीच. काम झालं की झेनोन हात पुसायचा, फ्रीजसमोरून जायचा आणि घरी निघून जायचा. फळीवर बाटली काही त्यानं पुन्हा ठेवली नाही.